अक्षर की चित्र? ई-रीडरवर मराठी वाचण्याआधीची तपासणी

ई-रीडर हौसेनं घेऊन महिनाभरात कपाटात टाकलेली माणसं साताऱ्या-सांगलीकडे कमी नाहीत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: मराठी नीट दिसत नाही. अक्षर बारीक येतं, वेलांट्या तुटतात, पान इकडून तिकडे सरकवता सरकवता वाचायचं राहूनच जातं. यात यंत्राचा दोष थोडा असतो आणि फाइलचा फार. म्हणून पुस्तक यंत्रात भरायच्या आधी एकच गोष्ट बघायची: या फाइलमध्ये अक्षरं आहेत की अक्षरांचं चित्र?

तपासायला अर्धा मिनिट लागतो. फाइल संगणकावर उघडा, एखादी ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच निवडलं गेलं नाही तर ते पान म्हणजे फोटो आहे. ओळ निवडली गेली, पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला आला, तर पुस्तक श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात जुळवलेलं आहे. त्या फॉन्टांत ‘क’ हा मुळात ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चा आकार बसवलेला असतो. डोळ्याला मराठी, यंत्राला इंग्रजी. तिसरा प्रकार जास्त फसवा. पेस्ट केल्यावर मराठी येतं, पण ‘किल्ला’चा ‘िकल्ला’ होतो, जोडाक्षरं फुटतात, शब्दाच्या मधे जागा पडते. पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, असलं तरी पीडीएफ करताना अक्षरांचा क्रम कागदावर दिसतो तसा साठवला गेलेला असतो, बोलतो तसा नाही. पहिली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी दिसते, म्हणून ती आधी साठवली जाते.

या तिन्ही प्रकारांना कॅलिबर या ई-पुस्तकांचं रूपांतर करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘ईपब करा’ म्हणू नका. (ईपब म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी जुळवून घेणारी पुस्तकाची फाइल.) बटण दाबलं की फाइल तयार होते, पण वाचण्याजोगं काही हाती येत नाही. पीडीएफचं मराठी ईपब करण्याच्या नादात लोकांचे जितके रविवार गेलेत तितके दुसऱ्या कशात गेले नसतील. चित्र असेल तर ते चित्र म्हणूनच वाचायचं, फक्त ते यंत्राच्या मापात बसवायचं.

माप म्हणजे काय ते इंचांत पाहू. सहा इंची, ३०० पीपीआयचा (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) पडदा १०७२ बाय १४४८ पिक्सेलचा असतो, म्हणजे जेमतेम ३.५७ बाय ४.८३ इंच. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. अख्खं पान पडद्यावर बसवलं तर ते ५७ टक्क्यांवर येतं. छापील १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटच्याही खाली जातं. एवढ्या बारकीत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

आता समास कापा. डेमी पुस्तकात मजकुराची रुंदी साधारण सव्वाचार इंच असते. रुंदीला बसवलं की सहा इंची पडद्यावर अक्षर ८४ टक्के, म्हणजे १२चं १० पॉइंट होतं. ते वाचता येतं. यंत्र आडवं केलं तर ४.८३ इंच रुंदी मिळते आणि अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठं दिसतं, फक्त एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं. सात इंची पडदा १२६४ बाय १६८० पिक्सेलचा, म्हणजे ४.२१ इंच रुंद. समास कापलेलं डेमी पुस्तक त्यावर जवळजवळ छापील मापातच येतं. मराठी पीडीएफ हाच ज्यांचा मुख्य खुराक आहे त्यांनी सहा इंची घेऊ नये, हे माझं ठाम मत या आकड्यांवरूनच झालं आहे. एफोर आकाराचे शासकीय अहवाल किंवा प्रबंध वाचायचे असतील तर सात इंचही अपुरे पडतात. तिथे दहा इंची यंत्र लागतं, नाहीतर टॅबलेट.

जुनं यंत्र विकत घेणाऱ्यांनी पीपीआय विचारूनच घ्यावा. २०२२च्या आधीच्या सगळ्यात स्वस्त किंडलवर १६७ पीपीआयचा पडदा होता. इंग्रजीला तो चालून जातो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली इतकं काही चाललेलं असतं की १६७वर ‘द्ध’ आणि ‘द्य’ ओळखायला संदर्भ बघावा लागतो.

समास कापायला दोन वाटा आहेत. संगणकावर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत साधन आहे. त्यात पडद्याची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये द्यायची, ‘फिट विड्थ’ निवडायचं आणि आधी दहाच पानं करून बघायची. हेच साधन ‘रीफ्लो’ही करतं, म्हणजे प्रत्येक शब्दाचं चित्र सुटं करून ओळी नव्याने लावतं. त्यात अक्षर ओळखायची गरज नसल्यामुळे जुन्या फॉन्टातली पुस्तकंही नीट निघतात. मात्र शिरोरेघ तुटक छापलेली असेल तर एका शब्दाचे दोन शब्द होतात, आणि ओळी दाट असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटून दोन ओळी एक धरल्या जातात. कवितेला रीफ्लो लावूच नका, चरण मोडतात.

दुसरी वाट केओरीडरची. हे मोफत वाचन-अ‍ॅप कोबो, पॉकेटबुक या ई-रीडरांवर आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या) यंत्रांवर सरळ बसतं. किंडलवर त्यासाठी जेलब्रेक, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप तोडणं, करावं लागतं, आणि वॉरंटीत असलेल्या यंत्राला तो खटाटोप करू नये. केओरीडरमध्ये समास आपोआप कापण्याची सोय आहे, कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, रीफ्लोही आत आहेच. फिकट छपाईच्या जुन्या पुस्तकाला कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला तरी फरक पडतो. फार वाढवला तर कागदाचे पिवळे डाग काळे होऊन अनुस्वारासारखे दिसू लागतात.

घरातलं जीर्ण पुस्तक स्वतः स्कॅन करणाऱ्यांनी एवढं सांभाळावं: ३०० डीपीआय, आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नाही तर ‘ग्रेस्केल’. काळं-पांढरं केलं की फाइल लहान होते खरी, पण पहिला बळी अनुस्वाराचा जातो. ‘त्यांचा’चा ‘त्याचा’ होतो आणि वाक्याचा अर्थच बदलतो. दोनशे पानांचं पुस्तक पानाला दीडशे केबी धरलं तर ३० एमबीच्या आसपास बसतं. किंडलला ईमेलने पाठवायची मर्यादा ५० एमबी आहे आणि ‘सेंड टू किंडल’च्या संकेतस्थळावरून २०० एमबी, म्हणजे त्यात ते आरामात मावतं.

स्कॅनवरून खरा मजकूर काढायचा असेल तर गूगल डॉक्समध्ये पीडीएफ उघडता येते किंवा टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या मोफत साधनाला मराठीचा डेटा जोडून वापरता येतो. दोन्ही गोष्टी चालतात. पण हिशेब आधी करा. दोनशे पानं, पानाला अडीचशे शब्द, म्हणजे ५० हजार शब्द. शंभरातले ९९ शब्द बरोबर आले तरी ५०० शब्द चुकलेले राहतात, पानामागे दोन-तीन. ध-घ, भ-म, थ-य, ब-व या जोड्या नेहमीच्या. स्पेलचेक ‘घन’ आणि ‘धन’मधली चूक धरत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावं लागतं. जे पुस्तक पुन्हा मिळणार नाही त्याच्यासाठी हा उद्योग जरूर करावा, बाकीच्यांसाठी चित्र पुरे.

आता खऱ्या अक्षरांची पुस्तकं, म्हणजे ईपब. इथे यंत्राचं सुख कळतं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, शब्द शोधता येतो, खूण करता येते. पण मराठी ईपबलाही तयारी लागते.

पहिली गोष्ट भाषा. कॅलिबरमध्ये पुस्तकाच्या माहितीत ‘लँग्वेज’च्या रकान्यात बहुधा इंग्रजी असतं किंवा काहीच नसतं. तिथे मराठी करा. ही नुसती नोंद नाही. नोटोसारख्या फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ची दोन-दोन रूपं असतात, हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची. पुस्तकाची भाषा मराठी आहे असं कळलं तरच फॉन्ट पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ काढतो. आपल्या शासनानेही वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपं मराठीची म्हणून धरलेली आहेत. काही वाचन-अ‍ॅप भाषेकडे लक्षच देत नाहीत. तिथे मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्यायचा, जसा ‘तिरो देवनागरी मराठी’. तो मोफत आहे, पुस्तकी आहे, पण त्यात ठळक जाडी नाही. मथळे ठळक दिसतात ते यंत्राने ओढूनताणून जाड केलेले असतात, आणि त्यात ‘क्ष’ भरून जातो. लांब वाचनाला ‘मुक्ता’ हा फॉन्ट चांगला. त्याच्या सात जाड्या आहेत. ई-इंकवर रेग्युलर थोडा फिका वाटला तर मीडियम घ्यावा. छापील पुस्तकासारखे जाड-बारीक रेषांचे फॉन्ट कागदावर देखणे दिसतात, पण ई-इंकवर त्यांच्या बारीक रेषा विरून जातात.

फॉन्ट यंत्रातल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात टाकता येतो. पण तो देवनागरी मजकुराला लागेलच याची प्रत्येक यंत्रावर खात्री नसते. पुस्तकातच बसवणं जास्त खात्रीचं. कॅलिबरमध्ये रूपांतराच्या वेळी ‘लुक अँड फील’खाली ‘एम्बेड फॉन्ट फॅमिली’ आहे, तिथे फॉन्ट निवडायचा. शेजारी फॉन्ट छाटण्याची खूण असते, ती करू नका. काही शे केबी वाचतात, आणि जोडाक्षरांशी खेळ होऊ शकतो. मग यंत्रावर ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडायचा.

ओळींतलं अंतर १.४ ते १.६ ठेवा. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेल्या १.२मध्ये ‘कर्तृत्व’चा ऋकार खालच्या ओळीवर आदळतो. दोन्ही कडा सारख्या करायचा मोह टाळा. आपल्याकडे ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ असे लांबलचक शब्द येतात, आणि सहा इंची पडद्यावर ओळीत चारच शब्द मावले की मधे खिंडारं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी बरी.

केओरीडर वापरणाऱ्यांनी फॉन्टच्या मेनूत ‘कर्निंग’ ‘बेस्ट’वर असल्याची खात्री करावी. ‘ऑफ’ किंवा ‘फास्ट’वर जोडाक्षरं जुळतच नाहीत, पाय मोडलेली अक्षरं ओळीने उभी राहतात. ‘मराठी चालत नाही’ या बऱ्याच तक्रारी एवढ्या एका खुणेने मिटतात.

आता ‘ऱ्य’बद्दल. ‘साताऱ्याला’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र मराठीचा खास आहे. तो संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक. दिसायला दोन्ही सारखे. पण पुस्तक एका तऱ्हेचं आणि तुमचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर शोधात ‘वाऱ्यावर’ सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे फाइल साफ करणारी काही साधनं तो अदृश्य जोडक कचरा समजून काढून टाकतात. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. कॅलिबरच्या संपादकात ‘शोधा आणि बदला’ वापरून जोडकवाली जोडी टिंबवाल्या ‘ऱ्’ने सगळीकडे बदलून घ्यावी. साधा ‘र्य’ सरसकट बदलू नका, ‘कार्य’ आणि ‘सूर्य’ बिघडतील. ‘ॲ’चीही तीच गत. हे अक्षर युनिकोडात २००८ साली आलं. जुन्या फॉन्टात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

नवा फॉन्ट किंवा नवं यंत्र आलं की त्यात आधी एक पानाची चाचणी-फाइल टाकावी. त्यात एवढेच शब्द पुरतात: दुसऱ्या, कर्त्या, शल्य, श्रद्धा, विद्या, ब्रह्म, हृदय, कर्तृत्व, वाङ्मय, ॲप, डॉक्टर, त्यांच्या, किल्ल्यांवरील. हे सगळे नीट दिसले तर कुठलंही मराठी पुस्तक नीट दिसेल. ‘वाङ्मय’ काही ठिकाणी अडखळतो.

किंडलवाल्यांसाठी थोडं. केबलने टाकलेला ईपब किंडल उघडत नाही. तो ‘सेंड टू किंडल’ने पाठवायचा किंवा कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू-३ (किंडलचा फाइल-प्रकार) करून केबलने टाकायचा. पाठवल्यावर मराठीऐवजी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसली तर फाइलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८चा (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीचा) उल्लेख करायचा राहून गेलेला असतो. कॅलिबरमध्ये ईपबवरून पुन्हा ईपब केलं की ती ओळ बसते. कॅलिबर फोल्डरांची नावं रोमन करून ठेवतं, त्यानं घाबरू नका. आत नाव मराठीच असतं.

पुस्तकं आणायची कुठून? मराठी विकिस्रोतावर पुस्तकाच्या पानावरच ईपब उतरवून घ्यायची सोय आहे, आणि ते खऱ्या अक्षरांचं असतं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तोही त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजून. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकांचं लेखन १ जानेवारी २०२६पासून खुलं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्ष वेगळं बघायचं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांतल्या पीडीएफना वरचा समासाचा हिशेब लावायचा.

आणि विश्वकोश. वाईला तयार झालेला हा ग्रंथ, पहिला खंड १९७६चा, आज नोंदवार वाचायला खुला आहे. ई-रीडरसाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. एका विषयाच्या दहा-पंधरा नोंदी घ्या. समजा आपला भाग हाच विषय, तर कृष्णा नदी, ऊस, हळद, सहकारी चळवळ, तमाशा. ब्राउझरच्या वाचन-रूपातून मजकूर लिबरऑफिसमध्ये आणा, प्रत्येक नोंदीच्या नावाला ‘हेडिंग १’ द्या, भाषा मराठी करा, डॉकएक्स म्हणून साठवा आणि कॅलिबरमध्ये टाकून ईपब करा. हेडिंगांवरून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मथळा नुसता ठळक केला तर होत नाही. तासाभराचं काम, पण महिनाभराचं वाचन हाती येतं.

नवी पुस्तकं मात्र कागदावरच आधी येतात, आणि काही ई-रूपात येतच नाहीत. जानेवारी २०२६मध्ये साताऱ्यात ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. असल्या संमेलनातल्या ग्रंथप्रदर्शनात हाताळून घेतलेल्या पुस्तकाची जागा यंत्र घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. पाचगणीजवळच्या भिलारला, २०१७च्या ४ मेपासून पुस्तकांचं गाव झालेल्या त्या गावात, घराघरांत विषयवार मांडलेली पुस्तकं चाळून काय मिळवायचं ते ठरवावं. नगर वाचनालयातून ताज्या कादंबऱ्या आणि दिवाळी अंक आणावेत. यंत्र ठेवावं ते जाडजूड, दुर्मिळ आणि खुल्या झालेल्या पुस्तकांसाठी, आणि प्रवासासाठी. साताऱ्याहून स्वारगेटच्या एसटीत अडीच-तीन तास मिळतात. अक्षर नेहमीपेक्षा दोन पायऱ्या मोठं केलं की गाडी हलली तरी ओळ सुटत नाही. खंबाटकीची वळणं आली की मिटवून ठेवावं.

शब्दकोश जोडला तरी मराठीत एक अडचण राहते. ‘पाण्याला’वर बोट ठेवलं तर कोशात ‘पाण्याला’ नसतो, ‘पाणी’ असतो. सामान्यरूप यंत्राला कळत नाही. निवड मागे सरकवून प्रत्यय सोडला तरी ‘पाण्या’ उरतो. शब्द स्वतःच टाइप करावा, तेच लवकर होतं.

पावसाळ्याबद्दल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद सादळतो, महाबळेश्वरकडे तर कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये, पानं वाकडी होतात आणि चिकटतात. उभं करून पानं पंख्यासारखी उघडायची, मधे टीपकागद किंवा छपाई नसलेला कागद घालायचा, आणि पंख्याचा वारा द्यायचा. बुरशी दोन दिवसांत धरू लागते. पुस्तकं जास्त असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि एकेक काढून वाळवावं. दुर्मिळ असतील ती पाऊस सुरू व्हायच्या आधीच, मे महिन्यात, स्कॅन करून दोन वेगळ्या जागी ठेवावीत. त्यातली एक जागा घराबाहेरची असावी.

ई-रीडरला आयपीएक्स-८ हे पाण्यात टिकण्याचं मानांकन असेल तर किंडल-कोबोसारख्या यंत्रांबाबत तो गोड्या पाण्यात दोन मीटरपर्यंत तासभर टिकतो असा कंपनीचा दावा असतो, नेमकी मर्यादा ज्या त्या यंत्राच्या माहितीत बघावी. पण ओल्या पडद्यावर थेंबच बोटासारखे लागून पानं पुढे पळतात. पुसून घ्या, आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण कोरडं होईपर्यंत वायर लावू नका. ओल्या तोंडात वायर घातली की आतले पट्टे गंजतात, आणि मग यंत्र पाण्याने नाही, चार्जरने मरतं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय करू नका, दाणे आणि पीठ त्याच तोंडात अडकतं. तोंड खाली करून पंख्यासमोर रात्रभर ठेवलेलं बरं.

वीज गेल्यावर मात्र हे यंत्र खरं कामाला येतं. ई-इंकला पान बदलतानाच वीज लागते, पान स्थिर असताना नाही. वायफाय बंद आणि दिवा मंद ठेवला तर एका चार्जिंगवर आठवडे निघतात. दर काही पानांनी पडदा एकदा काळा होऊन साफ होतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. मागच्या पानाच्या सावल्या पुसायला तो तसं करतो. वेलांट्यांच्या सावल्या फार राहत असतील तर ‘दर पानाला रिफ्रेश’ चालू करा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेखाली यंत्र ठेवू नका, आणि महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर ती पुन्हा उठेलच असं नाही.